खोळंबा नेमका कुठे होतो?

जुना लॅपटॉप सुरू झाल्या झाल्या विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून ‘डिस्क’च्या रकान्याकडे पाहा. वापर 100 टक्के दिसतो, पण प्रत्यक्षात वाचली जाणारी माहिती असते सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. मोठा सिनेमा कॉपी करताना हीच हार्ड डिस्क सेकंदाला 100 एमबीच्या आसपास पोचते. मग आताच तिची एवढी दमछाक का?

हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि वाचणारं हेड त्यांच्यावर आत-बाहेर सरकतं. मिनिटाला 7200 फेरे म्हणजे सेकंदाला 120. एका फेऱ्याला 8.3 मिलिसेकंद. हवा तो तुकडा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साधारण 4.2 मिलिसेकंद लागतात. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर पोचायला आठ-नऊ. झाले तेरा. या हिशेबाने विखुरलेले तुकडे सेकंदाला पंचाहत्तर-ऐंशीच वाचून होतात. एकेक तुकडा 4 केबीचा धरला, तर हाती पडतात सेकंदाला 300 केबी! आणि विंडोज सुरू होताना असलेच हजारो बारीक तुकडे मागते.

5400 ऐवजी 7200 फेऱ्यांची डिस्क घेतली, तर अर्ध्या फेऱ्यामागे वाचतात 1.4 मिलिसेकंद. एवढ्यासाठी जादा पैसे मोजणं मला पटत नाही. सीगेटने 2000 साली 15,000 फेऱ्यांची ‘चीता एक्स15’ आणली, तेव्हा अर्धा फेरा 2 मिलिसेकंदांवर आला. पण त्यासाठी तबकड्या लहान कराव्या लागल्या, आणि त्या डिस्क राहिल्या सर्व्हरपुरत्याच. एसएसडीत हलणारं काहीच नाही. फ्लॅश चिपमधला तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात हजर होतो. म्हणून जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचाच, तर साध्या साटा एसएसडीवर जरूर करावा. रॅम 4 जीबीच असेल, तर तीही वाढवावी, कारण रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कचाच आसरा घेते.

खरा मोह यापुढे सुरू होतो. साटा एसएसडी सेकंदाला 550 एमबीवर थांबते. त्याहून वेगवान अशा एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडीच्या खोक्यावर 3500, 7000, आता तर 10,000 च्याही वरचे आकडे असतात. ते खोटे नाहीत, पण ते मोठी फाइल सलग वाचतानाचे. बारीक तुकडे एकामागून एक मागितले, की महागड्या एनव्हीएमईचा वेगही 100 एमबीच्या आसपासच राहतो आणि साटाशी फरक उरतो दुप्पट-अडीचपट. ब्राउझर, एक्सेल, टॅली वापरणाऱ्याला तो जाणवणारही नाही. रोज शेकडो जीबीचं व्हिडिओ फुटेज हलवणाऱ्या एडिटरचं मात्र त्यात खरंच भलं होतं; तेही दोन्हीकडच्या डिस्क वेगवान असतील तरच.

फोटोंचा बॅकअप आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग यांना 5400 ची हार्ड डिस्क पुरते. एका टीबीमागे ती आजही एसएसडीपेक्षा बरीच स्वस्त पडते. उलट, स्वस्तातल्या काही ‘क्यूएलसी’ प्रकारच्या एसएसडी कॅश (लिहिण्यासाठीची वेगवान राखीव जागा) भरल्यावर लिहिताना 100 एमबीपर्यंत घसरतात, म्हणजे हार्ड डिस्कच्याच पंगतीला येऊन बसतात. दुकानात विचारायचा तो कॅश भरल्यानंतरचा हा वेग, आणि सोबत पाहायचं ते आपल्या मदरबोर्डचा एनव्हीएमईसाठीचा स्लॉट पीसीआयईच्या कुठल्या पिढीचा आहे. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये पाचव्या पिढीची एसएसडी बसते, चालतेही. पण 3500 च्या आसपासच.