आधी माल बाहेर काढा

पेढीवर लाल कापडाच्या बांधणीच्या वह्या होत्या, तोवर हिशेब ‘बंद पडणे’ ही गोष्ट कुणाच्या स्वप्नातही नव्हती. वहीला वाळवी लागेल, पावसात ती भिजेल, पण एका रात्रीत सारी पाने एकाच वेळी नाहीशी होणार नाहीत. आज आपल्या बहुतेक घरांतील खातेवही टॅलीत असते, टॅली लॅपटॉपमध्ये असते आणि दिवाळीला वहीपूजनाच्या पाटावर वहीशेजारी लॅपटॉपही ठेवला जातो. त्या पूजेचा खरा अर्थ आम्हाला एका रात्री कळला.

महिन्याची १९ तारीख होती. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे ३बी विवरणपत्र भरण्याची अखेरची मुदत. चौविहार आटोपून मी पुन्हा हिशेबाला बसले, तर सात वर्षांचा आमचा लॅपटॉप सुरू होईना. दिवा लागे, पंखा फिरे, कंपनीचे बोधचिन्ह दिसे आणि पडदा काळा होई. आठ वर्षांची खाती त्यात होती. त्यातच सासूबाईंच्या वर्षीतपाच्या पारण्याची छायाचित्रेही होती. सासूबाई आता नाहीत. शेवटची प्रत काढून चार महिने झाले होते.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “घेऊन या, फॉरमॅट मारून तासाभरात चालू करून देतो.” मी निघणार, तोच सासरे म्हणाले, “सूनबाई, गोदामाचे छप्पर गळू लागले तर आपण आधी गवंडी बोलावतो की आधी माल बाहेर काढतो?” त्यांना संगणकातले काही कळत नाही, परंतु त्या रात्रीचा सर्वांत शहाणा सल्ला त्यांचाच होता. फॉरमॅट केल्याने यंत्र सुरू झाले असते आणि वही कोरी झाली असती.

देह वेगळा आणि आत्मा वेगळा, हे आपण प्रवचनात नित्य ऐकतो. येथेही यंत्र वेगळे आणि माहिती वेगळी. लॅपटॉप सुरू होत नाही म्हणजे माहिती गेली, असे मुळीच नाही. म्हणून प्रथम बिघाड कोठे आहे ते पाहावे. दिवाच लागत नसेल, तर चार्जर आणि विजेची जोडणी तपासावी. चार्जर काढून सुरू करण्याचे बटण तीस सेकंद दाबून धरावे आणि पुन्हा जोडून पाहावे. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तर एचडीएमआय केबलने टीव्ही जोडून पाहावा. तेथे चित्र दिसले तर दोष केवळ पडद्याचा. बोधचिन्ह येऊन गाडी अडत असेल, तर बहुधा विंडोज बिघडलेले असते किंवा डिस्क थकलेली असते. ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला, तर डिस्कच ओळखली जात नाही असे समजावे.

आमची अडचण तिसऱ्या प्रकारची होती. दिराचा मुलगा अभियांत्रिकीला आहे. तो म्हणाला, “काकू, विंडोजला हात न लावता आपण बाहेरून आत जाऊ.” त्याने दुसऱ्या संगणकावर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू ही मोफत प्रणाली तयार केली. लॅपटॉप सुरू करताना एफ१२ दाबून पेनड्राइव्ह निवडला. (काही यंत्रांत ही कळ एस्केप किंवा एफ९ असते.) पुढे दोन पर्याय येतात: प्रणाली नुसती वापरून पाहणे आणि ती कायमची बसवणे. येथे पहिलाच पर्याय निवडावा; दुसऱ्याने डिस्क पुसली जाऊ शकते. काही मिनिटांत पडदा उजळला आणि आमची फोल्डरे जशीच्या तशी दिसली.

मी हात जोडले. पुतण्या मात्र घाईने म्हणाला, “आधी सर्वांत महत्त्वाचे काय ते सांगा. डिस्क जुनी आहे, किती वेळ साथ देईल सांगता येत नाही.” बाहेरची हार्डडिस्क जोडून प्रथम टॅलीचे डेटा फोल्डर उतरवले. त्यात प्रत्येक कंपनीचे क्रमांकाच्या नावाचे एक फोल्डर असते. ते अखंड घ्यावे लागते, त्यातील सुट्या फायली चालत नाहीत. मग उधारीच्या एक्सेल याद्या, मग करारपत्रे आणि शेवटी छायाचित्रे. छायाचित्रे अर्ध्यावर आली आणि डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. पुतण्याने तत्क्षणी लॅपटॉप बंद केला.

हा आवाज म्हणजे आतील सुई अडखळत असल्याची खूण. अशा वेळी पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे फाटलेल्या पानावर बोट घासणे होय. डिस्क घरी उघडू नये आणि दुरुस्तीचे सॉफ्टवेअरही चालवू नये. ती माहिती परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेकडेच द्यावी. नव्या एसएसडी डिस्कमध्ये असा आवाज होत नाही. त्या पूर्वसूचना न देताही बंद पडतात आणि त्यांवरून पुसलेली फाइल सहसा परत येत नाही.

टॅलीचे फोल्डर दुसऱ्या संगणकावर उघडून मी आदल्या दिवशीची रोख शिल्लक हाताने लिहिलेल्या रोजमेळाशी ताडून पाहिली. ती जुळली. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हेच, हे तेव्हा ध्यानात आले. २० तारखेला दुपारी विवरणपत्र भरले. छायाचित्रांतील बरीचशी पुढे तज्ज्ञाने काढून दिली. काही मात्र कायमची गेली. सासऱ्यांच्या हातून सासूबाईंना उसाचा रस देतानाचे छायाचित्र त्या गेलेल्यांत आहे. सासरे काही बोलले नाहीत.

नव्या यंत्रांबाबत एक इशारा आवश्यक आहे. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. ४८ अंकी किल्ली हाती नसेल, तर वरील उपायाने आतील काहीच वाचता येत नाही. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपलेली असते. ती आजच पाहून कागदावर लिहावी आणि तिजोरीत ठेवावी. ते खाते दुकानातील जुन्या नोकराच्या नावे तर नाही ना, हेही तपासावे.

जीएसटी कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपणे बंधनकारक आहे. म्हणून प्रती तीन असाव्यात: एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक पेढीबाहेर, घरी किंवा क्लाउडवर. बाहेरची डिस्क प्रत उतरताच काढून ठेवावी. सदैव जोडलेली डिस्क व्हायरसच्या हल्ल्यात लॅपटॉपबरोबरच जाते.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे शतकानुशतके एकट्या मूडबिद्रीत राहिली. तेथून प्रती बाहेर आल्या, म्हणूनच १९३९ मध्ये अमरावतीहून डॉ. हीरालाल जैन यांना तिचा पहिला खंड प्रसिद्ध करता आला. ज्ञानपंचमीला आणि श्रुतपंचमीला आपण ग्रंथांची धूळ झटकतो, वेष्टने बदलतो, पूजन करतो. आमच्या घरी आता ज्ञानपंचमीला आणखी एक काम होते. सासरे बाहेरची डिस्क देव्हाऱ्यापुढे ठेवतात आणि मला म्हणतात, “सूनबाई, उघडून दाखवा.” मी शिल्लक वाचून दाखवते. त्यानंतर ते उरलेल्या छायाचित्रांपैकी एक उघडायला सांगतात.