वंगणाची विद्या आणि पदवीचे माप

मोटारीचे इंजिन आणि त्यात घालावयाचे तेल यांविषयी तासन्‌तास बोलू शकणारी माणसे प्रत्येक वस्तीत असतात. त्यांचे शिक्षण काय आणि ती पोटासाठी काय करतात, याचा शोध घेतला तर एकच उत्तर मिळत नाही. एक यंत्रशास्त्राचा पदवीधर असतो. दुसरा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेला, तिसरा आयटीआयचा फिटर, चौथा रविवारी स्वतःची स्कूटर खोलून बसणारा कारकून, आणि पाचवा आठवी-नववीत शाळा सोडून गॅरेजात शिरलेला, आता ‘उस्ताद’ म्हणून ओळखला जाणारा कारागीर. विषय एक, आवड एक. परंतु समाजाने त्यांना दिलेले स्थान मात्र भिन्न. हे स्थान ज्ञानाने ठरते की कागदाने, हा प्रश्न केवळ शौकिनांचा नाही. तो अर्थव्यवस्थेचा आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास चेंबूरइतका सोयीचा परिसर दुसरा क्वचितच सापडेल. येथून जवळच माहुल-ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावर 1954 साली स्टॅनव्हॅक कंपनीचा आणि 1955 साली बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. 1969 मध्ये त्याच भागात ल्यूब इंडियाचा वंगणतेलाचा कारखाना उभा राहिला. 1974 च्या राष्ट्रीयीकरणानंतर स्टॅनव्हॅकचा वारसा चालविणारी एस्सो आणि ल्यूब इंडिया मिळून हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. 1976 मध्ये बर्मा-शेल सरकारच्या हाती आली आणि तिची पुढे भारत पेट्रोलियम झाली. शेजारच्या कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मोटारी तयार होत. तिचीच ‘पद्मिनी’ टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली. माटुंग्याला व्हीजेटीआय आणि रासायनिक तंत्रज्ञानाची नामवंत संस्था. तेल, मोटार आणि तंत्रशिक्षण ही तिन्ही एवढ्या अल्प अंतरात असूनही प्रयोगशाळेतील तज्ज्ञ आणि गॅरेजातील कारागीर यांची विद्या एकमेकांना क्वचितच भेटते.

वंगणाचा इतिहास मात्र या फारकतीची साक्ष देत नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण घालणाऱ्या शेतकऱ्याला घर्षणाची हानी पुस्तकावाचून ठाऊक होती. अमेरिकेत खनिज तेलापासून वंगण करण्याच्या उद्योगाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत जॉन एलिस हे व्यवसायाने वैद्य होते. 1866 मध्येच रॉचेस्टर येथे व्हॅक्यूम ऑइल कंपनी निघाली. तिच्या मुळाशी मॅथ्यू एविंग या सुताराचा निर्वात ऊर्ध्वपातनाचा प्रयोग होता. ट्रॉम्बेच्या स्टॅनव्हॅकच्या नावातील शेवटची अक्षरे याच ‘व्हॅक्यूम’ची. आगगाडी न थांबविता इंजिनाला आपोआप तेल पुरविणाऱ्या साधनाचे पेटंट 1872 मध्ये मिळविणारा एलायजा मॅकॉय स्कॉटलंडमध्ये यंत्रशास्त्र शिकून आला होता. पण तो कृष्णवर्णीय असल्यामुळे अमेरिकेतील रेल्वेने त्याला अभियंत्याची जागा दिली नाही. त्याच्या वाट्याला कोळसा टाकण्याचे आणि तेल घालण्याचे काम आले. म्हणजे शिक्षण असूनही जन्माने दार बंद होते, आणि शिक्षण नसले तरी बुद्धीने ते उघडते, अशी दोन्ही उदाहरणे एकाच उद्योगात सापडतात.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास आले. रंग ओळखण्यातील दोषामुळे ती वाट सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. पुढे त्यांनी बेळगावला सायकलींचे दुकान काढले. त्यातून लोखंडी नांगर आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. इंग्लंडात रोल्स हे केंब्रिजचे पदवीधर, तर रॉइस हे गरिबीमुळे रेल्वे कारखान्यातील उमेदवारी अर्धवट सोडावी लागलेले कारागीर. 1904 मध्ये मँचेस्टरला झालेल्या त्यांच्या भेटीतून जगप्रसिद्ध मोटार जन्माला आली. त्या भेटीत रॉइस यांचे प्रमाणपत्र कोणी मागितले नाही. त्यांची मोटार चालवून पाहिली.

अर्थशास्त्र या बाबतीत काय सांगते? गॅरी बेकर यांनी 1964 मध्ये शिक्षणाकडे मानवी भांडवल म्हणून पाहिले: शिक्षणाने कुवत वाढते, म्हणून वेतन वाढते. 1973 मध्ये मायकेल स्पेन्स यांनी दुसरी बाजू दाखविली. मालकाला उमेदवाराची कुवत आधी दिसत नाही, म्हणून तो पदवीला तिची खूण समजतो. आपल्याकडे खूण हीच कुवत मानली जाऊ लागली आहे, ही खरी अडचण आहे. ज्याच्यापाशी खूण नाही त्याच्या कुवतीला बाजारात भाव नाही, आणि ज्याच्यापाशी आहे त्याला कुवत सिद्ध करण्याची निकड वाटत नाही.

याचा अर्थ पदवी निरर्थक आहे, असा मुळीच नाही. डिझेल इंजिनातील तेल थोड्याच दिवसांत काळे होते, आणि ते बोटावर चोळून ‘खराब झाले’ असा निर्णय देणारे कारागीर पुष्कळ असतात. वस्तुतः तेलातील शोधक द्रव्ये काजळी धरून ठेवतात, म्हणूनच ते काळे दिसते. ते आपले काम करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत धुरातील कण अडविणारी गाळणी असते. राख अधिक सोडणारे तेल वापरल्यास ती गाळणी तुंबते. हे डोळ्यांना दिसत नाही. ते शिकावेच लागते. उलट, बेअरिंग झिजल्याचा आणि टॅपेट सैल झाल्याचा आवाज कोणत्याही व्याख्यानात ऐकू येत नाही. जुन्या इंजिनात महागडे, पातळ तेल ओतून गळती ओढवून घेणारे पदवीधर शौकीनही असतातच. दोन्ही विद्या अपुऱ्या आहेत आणि दोहोंना एकमेकींची गरज आहे.

कागदावर जिना आहे. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. आयटीआयमधून पदविकेला आणि पदविकेवरून पदवीला थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळू शकतो. पण या जिन्याची पहिली पायरी शाळेच्या दाखल्यापाशी सुरू होते. ज्याने वीस वर्षे गॅरेजात काढली, त्याने ती कशी चढावी? पूर्वानुभवाला मान्यता देण्याची तरतूद 2015 पासून केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे. तिचे प्रमाणपत्र नोकरीतील श्रेणीशी आणि पुढील प्रवेशाशी जोडले गेले नाही, तर ते भिंतीवर टांगण्यापुरतेच उरेल. संध्याकाळच्या वर्गांत उस्तादांनी तेलाचे रसायन शिकावे आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी एक सत्र गॅरेजात पाना हाती धरावा. यासाठी फार मोठ्या खर्चाची नव्हे, प्रतिष्ठेच्या कल्पना बदलण्याची आवश्यकता आहे.

विलंब मात्र परवडणारा नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीत इंजिन नाही, म्हणून इंजिनाचे तेलही नाही. दंतचक्रांचे तेल, बेअरिंगचे ग्रीस आणि बॅटरी थंड राखणारा द्रव एवढेच तिला लागते. पदवीधराला नव्या विद्येकडे वळण्यासाठी दार उघडे आहे. दाखला नसलेल्या कारागिराचे कौशल्य मात्र इंजिनाबरोबरच निरुपयोगी ठरविले जाईल. माहुल आणि कुर्ल्याच्या आसमंतात दोन-तीन पिढ्यांनी हाताने मिळविलेले हे भांडवल राष्ट्राचेच आहे. त्याची नोंद करावयाची की ते मोडीत काढावयाचे, याचा निर्णय शिक्षणखात्याने आणि उद्योगांनी आताच करावयास हवा. आपल्या मुलाने हात काळे करू नयेत असे मानणाऱ्या पांढरपेशा पालकालाही तो टाळता येणार नाही.