दार लावायचं, पण कुणासाठी?

आमच्या महिला मदत केंद्राच्या वेबसाइटवर ‘मदत हवी आहे’ असा फॉर्म आहे. एका सोमवारी उघडून बघते तर काय, दोनशेवर निरोप! कर्ज, लॉटरी, औषधांच्या जाहिराती. त्या ढिगात एका ताईचे चार दिवसांपूर्वीचे तीन शब्द: ‘दुपारीच फोन करा.’ पोटात गोळाच आला.

हा कचरा बहुतेक वेळा माणसं नाही, ‘बॉट’ नावाचे प्रोग्रॅम टाकतात. आम्ही ‘कॅप्चा’ लावला. वेडीवाकडी अक्षरं ओळखायची. कचरा घटला, पण मोबाइलवर कसंबसं लिहिणाऱ्या बायकाही अडल्या. मग भाचीने ‘हनीपॉट’ सुचवला. फॉर्ममध्ये एक जादा चौकट लपवून ठेवायची. माणसाला ती दिसत नाही. बॉट मात्र पानामागचा कोड वाचतो आणि सापडेल ती चौकट भरून टाकतो. ती भरली, की निरोप वेगळ्या कप्प्यात! तो कप्पाही आम्ही रोज चाळतो. कधी ब्राउझर आपणहून चौकट भरतो आणि खरा निरोप तिकडे जातो. हुशार बॉट अजूनही निसटतात, पण ढीग साचत नाही.

मैत्रिणींनो, दार चोरासाठी लावावंच, पण दमून आलेल्या लेकीला ते सहज ढकलता आलं पाहिजे, नाही का?