देवयानीभोवतीचं न दिसणारं वजन

बुध सूर्याभोवती सेकंदाला सुमारे 47 किलोमीटर वेगाने धावतो, दूरचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. दीर्घिकेच्या काठावरचे तारेही असेच मंदावायला हवेत. पण 1970मध्ये व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिका मोजली, तेव्हा पार कडेलाही वेग सुमारे 200 किलोमीटर निघाला! एवढ्या वेगाला धरून ठेवण्याइतकं वस्तुमान ताऱ्यांत नाहीच. ते आहे भोवतीच्या कृष्णद्रव्याच्या अवाढव्य प्रभामंडलात.

मला त्याहून विलक्षण वाटतं ते हे, की तारे घडवण्यात सर्वांत यशस्वी ठरतात ती आपल्या आकाशगंगेएवढी मध्यम प्रभामंडलं. लहान मंडलांतला वायू ताऱ्यांचे स्फोट उधळून लावतात. फार मोठ्या मंडलांत केंद्रातलं कृष्णविवर तो तापवत राहतं, आणि तापलेल्या वायूतून तारे जन्मत नाहीत.