टॉवरवरचे ढोल आणि जमिनीखालची काच

मोबाइलचा टॉवर एकदा नीट न्याहाळून पाहा. वर उभ्या, लांबट पेट्या दिसतात. आपला फोन बोलतो तो त्यांच्याशी. कुठे कुठे जोडीला ढोलासारखा एक गोल डबाही असतो, दूरच्या दुसऱ्या टॉवरकडे तोंड केलेला. ती मायक्रोवेव्ह डिश. ती नसेल, तर टॉवरच्या पायथ्याशी बहुधा फायबर केबल आलेली असते. पुण्याहून नागपूरला लावलेला कॉल हवेतून जातो तो मुख्यतः दोन टोकांना, फोन ते टॉवर एवढाच. मधला बहुतेक पल्ला केसाएवढ्या काचेच्या तंतूतून.

केबल कमी पडली तर आणखी टाकता येते. हवेचं तसं नाही. तिथे टीव्ही, विमानं, पोलीस, लष्कर, उपग्रह सगळेच दाटीवाटीने बसलेत. म्हणून फ्रिक्वेन्सीचे लिलाव.

आणि तिथे सगळा माल एका भावाचा नसतो. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटिमीटर. ती भिंती-झाडांना फारशी जुमानत नाही, लांबवर पोचते. पण या पट्ट्यात जागा चिंचोळी. ३५०० ची साडेआठ सेंटिमीटर. इथे पट्टा ऐसपैस, डेटा भरपूर, मात्र दोन-तीन भिंती आडव्या आल्या की दम संपतो. २६ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. तिला झाडाची पानं आणि पावसाची जोरदार सरही अडवते. (जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारास कोलकात्यात याहूनही आखूड लहरींवर प्रयोग करत होते!)

खेड्यापाड्यांना सर्वांत सोयीचा पट्टा ७०० चाच. सरकारने २०१६ च्या लिलावात त्याची राखीव किंमत लावली मेगाहर्ट्झमागे ११,४८५ कोटी रुपये. कुणी बोलीच लावली नाही. २०२१ मध्येही नाही. २०२२ मध्ये भाव ३,९२७ कोटींवर आला, तेव्हा एकट्या जिओने १० मेगाहर्ट्झ उचलले. तिजोरीत पैसाही नाही आणि गावात सिग्नलही नाही, अशी ती सहा वर्षं गेली. हा शहाणपणाचा सौदा म्हणवत नाही.

तरी नुसत्या पट्ट्याने भागत नाही. फोनवर सिग्नलच्या दांड्या पूर्ण, पण व्हिडिओ अडकलेला, याचं एक कारण टॉवरच्या मागे असतं. फायबर नसलेल्या टॉवरवर डिशमधून येईल तेवढाच डेटा सगळ्यांत वाटला जातो. तिथे नवा पट्टा घेऊन उपयोग नाही, चर खणून केबलच न्यावी लागते. आणि सह्याद्रीच्या कातळात चर खणायचा खर्च काढायला डोंगरातल्या वाडीवर गिऱ्हाइकं असतात किती?