शास्त्रीय परिषदांचे शिष्टाचार

शास्त्र हे साऱ्या मानवजातीचे धन आहे, ते कोणी कुलपात घालून ठेवू नये, असे आपण लहानपणापासून शिकत आलो आहोत. असे असता, शास्त्रज्ञांच्याच काही परिषदांत पाऊल टाकणाऱ्याला प्रथम असे मान्य करावे लागते की, येथे जे ऐकू व पाहू ते सांगणाऱ्याच्या संमतीवाचून बाहेर प्रसिद्ध करणार नाही. हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. ज्ञान खुले असावे असे म्हणणाऱ्यांनीच दार का लावून घ्यावे? या प्रश्नाचा थोडा विचार आपण येथे करू.

शास्त्रज्ञाचे काम लोकांपुढे दोन प्रकारे येते. एक प्रकार म्हणजे नियतकालिकात छापलेला निबंध. तो इतर तज्ज्ञांनी तपासलेला असतो, त्यातील चुका शक्य तेवढ्या काढलेल्या असतात, आणि त्याची जबाबदारी लेखकाने सही करून घेतलेली असते. दुसरा प्रकार म्हणजे परिषदेतील भाषण. येथे पुष्कळदा अपुरे काम मांडले जाते: कालपरवा मिळालेले आकडे, मनात नुकतीच आलेली शंका, न जुळणारा एखादा हिशेब. छापील निबंध हे शिजलेले अन्न मानले, तर परिषद ही चुलीवरची पातेली होय. पातेल्याचे झाकण काढून चव पाहू द्यावी, मीठ कमी की जास्त ते विचारावे, यातच परिषदेचा खरा उपयोग आहे. परंतु चव पाहणाऱ्याने लगेच गावभर बोभाटा केला, तर पुढच्या वेळी झाकण कोण काढील?

ही गोष्ट ओळखून नियम करणाऱ्या संस्थांत गॉर्डन संशोधन परिषदांचे नाव अग्रभागी आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात नील गॉर्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९३१ साली उन्हाळ्यात तज्ज्ञांच्या लहान बैठकी भरविण्यास आरंभ केला. पुढे १९४८ साली या परिषदांना त्याचेच नाव देण्यात आले. आजही त्या भरतात. सकाळी व रात्री व्याख्याने आणि दुपारी मोकळा वेळ, असा त्यांचा क्रम असतो. दुपारी बरोबर फिरायला गेलेले दोन अनोळखी शास्त्रज्ञ परतताना एखाद्या प्रयोगाची आखणी करूनच येतात! या परिषदांचा नियम असा की, भाषणाचे ध्वनिमुद्रण करू नये, पडद्यावरील चित्रांची वा भिंतीवरील तक्त्यांची छायाचित्रे घेऊ नयेत, आणि तेथे कळलेल्या माहितीचा उल्लेख ती देणाऱ्याच्या परवानगीशिवाय आपल्या लेखनात करू नये.

असा नियम स्पष्ट नसला तर काय होते, याचे एक उदाहरण २००८ साली घडले. पामेला नावाचे उपकरण २००६ पासून रशियाच्या उपग्रहावर बसून अंतराळातील कणांची मोजणी करीत होते. त्यात पॉझिट्रॉन नावाचे कण अपेक्षेहून अधिक सापडले. विश्वातील न दिसणाऱ्या द्रव्याचा हा मागमूस असेल काय, अशी उत्कंठा सर्वत्र पसरली. संशोधकांनी आपला आलेख स्टॉकहोम येथील परिषदेत थोडा वेळ पडद्यावर दाखविला. निबंध अजून छापावयाचा होता. सभेतील काहींनी कॅमेऱ्याने त्या आलेखाचे छायाचित्र घेतले, त्यावरून आकडे काढले, आणि ते आपल्या निबंधांत वापरून मूळ निबंधाच्या आधीच जगापुढे ठेवले. आकडे कोठून घेतले हे त्यांनी लपविले नाही, हे खरे. तथापि ज्यांनी वर्षानुवर्षे खपून ते उपकरण उभारले, त्यांच्या प्रमुखाला ही गोष्ट रुचली नाही. पामेलाचा स्वतःचा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात २००९ साली आला. जे उघड दाखविले ते सर्वांचे झाले, असे एका पक्षाचे म्हणणे. दाखविणे निराळे आणि देणे निराळे, असे दुसऱ्याचे. आम्हांला दुसरा पक्ष अधिक योग्य वाटतो. पाहुण्याला घर दाखविले म्हणून घरातील भांडी त्याची होत नाहीत.

मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. खाजगीपणाचे हे झाकण अपुऱ्या विचारासाठी आहे, गैरवर्तनासाठी नव्हे. परिषदेत नवखे विद्यार्थी असतात आणि ज्यांच्या शिफारशीवर त्यांचे भवितव्य अवलंबून असते असे थोर आचार्यही असतात. थोराने कनिष्ठाचा उपमर्द केला किंवा एखाद्या स्त्रीला त्रास दिला, तर पूर्वी अशी गोष्ट बहुधा दबून जाई. आता पुष्कळ परिषदांत वर्तनाचे लेखी नियम असतात, तक्रार कोणाकडे करावी हे आधी सांगितलेले असते, आणि तक्रार करणाऱ्याचे नाव शक्य तोवर गुप्त राखले जाते. अमेरिकेतील भूभौतिकी संघाने तर २०१७ साली अशा छळाची गणना शास्त्रीय गैरवर्तनातच केली. म्हणजे आकडे खोटे लिहिणे आणि सहकाऱ्याला छळणे ही दोन्ही पातके त्याने एका पंक्तीत बसविली. काही परिषदांत, ज्याला आपले छायाचित्र घेतलेले नको असेल त्याला गळ्यात घालण्यास निराळ्या रंगाची फीत देतात. बाब लहान, पण तीत दुसऱ्याच्या इच्छेचा मान आहे.

प्रश्न विचारण्याचाही शिष्टाचार आहे. प्रश्न थोडक्यात असावा, तो मताविषयी असावा, माणसाविषयी नसावा; आणि प्रश्नाच्या मिषाने आपलेच व्याख्यान देऊ नये. अखेरीस, झाकण कायमचे ठेवावयाचे नसते, हेही विसरता कामा नये. काम पुरे झाले म्हणजे ते पुराव्यासह सर्वांपुढे आलेच पाहिजे. जे कधीच उघड होत नाही ते शास्त्र नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचा वर्ग ही एक लहानशी परिषदच आहे. घरी कोंकणी बोलणारा एखादा मुलगा अडखळत मराठीत शंका विचारतो, त्याचा एक शब्द चुकतो, आणि मधल्या सुट्टीत त्या शब्दाची नक्कल साऱ्या अंगणात फिरते. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा गप्प बसतो. त्याच्याबरोबर त्याची शंकाही गप्प बसते. आणि कदाचित तीच शंका वर्गातील आणखी दहा जणांच्या मनात असते. चुकीची खूण वर्गातच करून द्यावी, तिची दवंडी बाहेर पिटू नये, एवढा एक नियम आपण पाळला, तरी मोठ्या परिषदांचे निम्मे शिष्टाचार आपण येथेच शिकलो, असे म्हणता येईल.