वऱ्हाडचा कापूस आणि परदेशी बाजार

कच्चा माल विकून पक्का माल घेणाऱ्या प्रदेशाचे उत्पन्न दूरच्या मागणीवर कसे हेलकावे खाते, हे पाहण्यासाठी सारा वऱ्हाड पुरेसा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेनाशी झाली, तेव्हा येथील आखूड धाग्याच्या कापसालाही सोन्याचा भाव आला; युद्ध संपताच तो कोसळला. तरीही १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, कारण इंग्रजांना माल बंदरावर हवा होता, आणि तोच रूळ परतताना मँचेस्टरचे कापड आणीत होता, ज्याने येथील विणकराचा धंदा बुडवला. अशा देवघेवीत विकलेल्या मालाच्या बदल्यात किती आयात माल पदरी पडतो, या प्रमाणाला अर्थशास्त्रात व्यापारशर्ती म्हणतात.

आजही क्विंटलभर कापसातून सरकी वेगळी केल्यावर जिनिंगमध्ये जेमतेम ३३ ते ३५ किलो रुई निघते, १७० किलोंची गाठ बांधली जाते, आणि तिच्या भावावर न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराची, म्हणजे पुढील महिन्यांच्या सौद्यांची, छाया असते. कापसावर २०२१ मध्ये लावलेले ११ टक्के आयातशुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये तात्पुरते उठवले. गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी हा हेतू समजण्याजोगा असला, तरी वेचणीच्या तोंडावर घेतलेल्या या निर्णयाचा भार उत्पादकावर पडणार, हे उघड होते.